टँकमधली गोम, तांबडे ठिपके आणि निळी बाटली

प्रश्न : मुलगा यंदा इंजिनिअरिंगला नागपूरला गेला आणि त्याचा तीन फुटी समुद्री टँक माझ्या गळ्यात पडला. दोन क्लाउनफिश, एक पिवळ्या शेपटीचा डॅमसेल, एक क्लीनर कोळंबी, चार-पाच शंख. दगडांवर मऊ प्रवाळं : हिरव्या बटणांसारखे पॉलिप, थोडे मश्रूम आणि सतत उघडमीट करणारं झेनिया. मी निवृत्त आहे, वेळ आहे, मासेही मला ओळखायला लागलेत. परवा रात्री पाणी प्यायला उठलो, सहज टॉर्च मारला, तर दगडाच्या भोकातून वीतभर लांब गोमेसारखं काहीतरी बाहेर आलेलं. उजेड पडताच आत ओढलं गेलं. दुसऱ्या दिवशी दगड सरकवायला हात घातला तर बोटात कुसळं घुसली, अजून खाजतंय. त्याआधी एक शंख मेला होता, त्याच्यावरही असेच तीन-चार किडे बसले होते, म्हणजे त्यांनीच मारला असणार. शिवाय वाळूवर आणि काचेवर गंजाच्या रंगाचे ठिपके दिसतात, नीट बघितलं तर ते सरकतात. दुकानदाराने एक निळं औषध दिलंय, लेबलवर कॉपर असं लिहिलंय. हिचं म्हणणं, सगळे दगड काढा आणि उकळत्या पाण्यात टाका. मुलगा फोनवर म्हणतो, "बाबा, चिल, काही करू नका." कोणाचं ऐकू?
– एक बाबा, ठाणे

काका, मुलाचं ऐका. निदान निम्मं तरी. गोमेच्या बाबतीत त्याचं बरोबर आहे. तांबड्या ठिपक्यांचं बहुधा तुम्ही त्याला सांगितलंच नसावं, नाहीतर "काही करू नका" असं तो म्हणाला नसता.

पण सगळ्यात आधी काकूंना सांगा, गॅस पेटवू नका. तुमच्या पत्रातली खरी धोक्याची गोष्ट किडे नाहीत, ती हिरवी बटणं आहेत. त्या जातकुळीतल्या काही पॉलिपांमध्ये, विशेषतः पॅलिथोआ प्रकारात, पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं, आणि निसर्गात सापडणाऱ्या अतिशय जहाल विषांमध्ये त्याची गणना होते. ते उकळल्याने नाहीसं होत नाही. उलट वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतं आणि श्वासातून आत जातं. ताप, खोकला, दम लागणं, छातीत दुखणं, डोळ्यांची आग असं सगळं काही तासांत सुरू होतं. २०१८ साली इंग्लंडात ऑक्सफर्डशायरमध्ये एका माणसाने घरच्या टँकमधलं प्रवाळ घासून साफ केलं, तेवढ्यावर अख्खं कुटुंब आणि मदतीला धावून आलेली माणसंही इस्पितळात पोहोचली. दगड उकळून वेगवेगळ्या देशांत घरंच्या घरं आजारी पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. तुमची बटणं विषारी जातीचीच आहेत असं माझं म्हणणं नाही. पण नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही, त्यामुळे ती विषारी आहेत असंच धरून चालायचं. तो दगड उकळायचा नाही, ब्रशने घासायचा नाही, गरम पाण्याच्या नळाखाली धरायचा नाही. हाताला चीर असेल तर टँकमध्ये हात घालायचा नाही, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे. चष्मा असेल तर घालून काम करा, बटणं दचकली की कधीकधी पिचकारी मारतात.

आता निळी बाटली. कॉपर म्हणजे तांबं. माशांच्या अंगावर पांढरे दाणे येतात त्या रोगावर ते खरंच चालतं, पण वेगळ्या टँकमध्ये, जिथे फक्त मासे असतात आणि तांब्याचं प्रमाण रोज मोजलं जातं. तुमच्या टँकमध्ये ते ओतलंत तर कोळंबी, शंख, झेनिया, मश्रूम, बटणं सगळं जाईल आणि किडे दगडाच्या आत मरून सडतील ते वेगळंच. त्याहून वाईट म्हणजे दगड आणि वाळू तांबं शोषून घेतात आणि पुढे कित्येक महिने हळूहळू सोडत राहतात. मग नवी कोळंबी आणली तरी टिकत नाही. दुकानदाराला तुम्ही "किडे झालेत" एवढंच सांगितलं असणार, त्याने किड्यांवरचं म्हणून हाताला लागलं ते दिलं. बाटली परत घेत असेल तर परत करा. नसेल घेत तर घरात ठेवू नका, उद्या कोणीतरी "बाबांनी आणलेलं औषध आहे" म्हणून घालेल.

बोटाचं सोपं आहे. ती कुसळं कॅल्शियम कार्बोनेटची असतात, आतून पोकळ आणि कमालीची ठिसूळ. चिमट्याने ओढायला गेलात की तुटतात आणि मूळ आत राहतं. चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्याने काढा, दोन-तीनदा नवी पट्टी घेऊन करा. मग पांढरं व्हिनेगर कापसाने लावा. जागा चोळू नका. खाज एक-दोन दिवसांत कमी व्हायला हवी. सूज मनगटाकडे चढली, अंगावर गांधी उठल्या किंवा धाप लागली तर लगेच डॉक्टरकडे जा आणि "समुद्री किड्याची कुसळं" असं स्पष्ट सांगा. इथून पुढे दगडाला हात लावायचा तर जाड रबरी हातमोजे. काकूंचे भांड्याचे मोजे चालतील, पण मग ते टँकचेच झाले, परत सिंकवर जायचे नाहीत.

त्या गोमेला छंदातली माणसं ब्रिसलवर्म म्हणतात. गांडुळाच्याच मोठ्या कुळातला प्राणी, अंगभर कडी, आणि प्रत्येक कड्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कुसळांचा झुपका. आपल्याकडच्या टँकमध्ये सापडतो तो बहुतेक वेळा गुलाबट-राखाडी रंगाचा. रत्नागिरी-मालवणकडे खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी दगड उलटलात तर त्याची भावंडं तिथेही सापडतील. दिवसा दगडाच्या पोटात, रात्री बाहेर. खाणं म्हणजे उरलेलं अन्न, विष्ठा, सडका पाला, मेलेले प्राणी. ज्या फटींत तुमची नळी पोहोचत नाही तिथे हा पोहोचतो. तुमचा शंख यांनी मारला असं म्हणणं म्हणजे अपघाताच्या जागी गर्दी दिसली म्हणून गर्दीनेच अपघात केला असं म्हणण्यासारखं आहे. शंख आधी मेला किंवा मरायला टेकला होता, वास लागला आणि हे जमले. ते जमले नसते तर एक मेलेला शंख एवढ्याशा पाण्यात अमोनिया वाढवायला पुरेसा असतो.

हा किडा कापून मारायचा विचार असेल तर तोही सोडा. तुकडे झाले की काही जातींत तुकड्याला नवं डोकं आणि नवी शेपूट फुटते. तुम्ही एकाचे दोन करून ठेवाल.

मग ते इतके का झाले? पत्रातलं तुमचं एक वाक्य मी दोनदा वाचलं : "मासेही मला ओळखायला लागलेत." काका, मासे तुम्हाला ओळखत नाहीत, ते डब्याला ओळखतात. क्लाउनफिश दिवसातून दहा वेळा काचेशी येऊन नाचतो आणि निवृत्त माणसाला ते बघवत नाही, हे मी अनेक घरांत बघितलंय. किड्यांची संख्या टँकमध्ये उरणाऱ्या अन्नाइतकीच वाढते. दोन क्लाउन, एक डॅमसेल आणि एक कोळंबी यांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढं पुरतं. बर्फाच्या वडीत मिळणारं मायसिस किंवा ब्राइन श्रिंप (बारीक कोळंबीसारखे जीव) देत असाल तर अर्धी वडी वाटीत टँकच्याच पाण्यात विरघळू द्या, चहाच्या गाळणीत गाळा, पाणी फेकून द्या आणि गाळणीत राहिलेलं थोडं थोडं घाला. ते गढूळ पाणी आत गेलं की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढवतं, त्यावर शेवाळ येतं. आठवड्यातून एक दिवस उपास. मासे नाचतील. नाचू द्या.

हे महिना-दीड महिना नेटाने केलंत तर गोमा आपोआप कमी होतील. दिसायच्या थांबणार नाहीत, पण रात्री टॉर्च मारल्यावर पाच-सहा जागी दिसणाऱ्या एखाद-दुसऱ्या जागी दिसतील, आणि तेवढ्या असायलाच हव्यात. तरी एखादी फार मोठी आहे, काकूंना झोप लागत नाही, असं असेल तर सापळा लावा. जुन्या नायलॉनच्या मोज्याचा तुकडा घ्या, त्यात साल काढलेल्या कच्च्या कोळंबीचा एक तुकडा आणि लहान खडा घालून गाठ मारा, आणि दिवे गेल्यावर तिच्या भोकाशी ठेवा. बांगडा-तारली नको, तेल सुटतं आणि पाण्यावर तवंग येतो. गोम मोज्याला भिडते आणि तिची कुसळं जाळीत अडकतात. सकाळी दिवे लागायच्या आत चिमट्याने सगळं गाठोडं उचलायचं. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री येईल. सापळा मात्र दिवसभर पाण्यात ठेवायचा नाही.

गोमेसारख्या दिसणाऱ्यांत खरोखर त्रासदायक दोन आहेत, तेही सांगून टाकतो म्हणजे इंटरनेटवर चित्रं बघून घाबरणार नाही. पहिला फायरवर्म, शास्त्रीय नाव हर्मोडिसी कॅरुन्क्युलाटा. कुसळांच्या मुळाशी तांबडे झुबके, डोक्यावर सुरकुतलेला मांसल तुरा. हा प्रवाळ खातो. पण तो अटलांटिक, कॅरिबियन आणि भूमध्य समुद्राकडचा रहिवासी आहे. तुमचे दगड तिकडचे नसतील तर तो तुमच्याकडे असण्याची शक्यता नगण्य. दुसरा युनिस कुळातला, बॉबिट वर्म. काळपट तपकिरी अंगावर तेलाच्या तवंगासारखी इंद्रधनुषी झाक, डोक्यावर पाच मिशा, आणि कुसळांचे पांढरे झुपके दिसत नाहीत. जपानमध्ये २००९ साली एका जुन्या तराफ्याच्या तरंगत्या भागात २९९ सेंटिमीटर लांबीचा सापडला होता. त्याच वर्षी इंग्लंडात न्यूक्वे इथल्या मत्स्यालयात प्रवाळांचे तुकडे का पडतायत हे कळेना, म्हणून कर्मचाऱ्यांनी सगळी मांडणी दगड-दगड करून उतरवली, तेव्हा चारेक फुटांचा बॉबिट हाती लागला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव बॅरी ठेवलं. तुमच्या गोमेला पांढरे झुपके आहेत आणि तुमच्या बोटात कुसळं घुसली, म्हणजे ती बॅरीच्या घराण्यातली नाही.

काचेला चिकटलेली पांढरी, बारीक, गोल गुंडाळीची कवचं दिसतील. तोही एक किडाच, पण जागचा हलत नाही, पाण्यातले कण गाळून खातो. त्याला हात लावायचं कारण नाही.

आता गंजाच्या रंगाचे ठिपके. इथे मात्र खरंच काम आहे.

भिंग घ्या आणि दुपारी, दिवे पूर्ण लागलेले असताना बघा. चार-पाच मिलिमीटरचा चपटा जीव, नारिंगी-तांबडा, मागच्या टोकाला तीन छोट्या शेपट्यांसारखे फाटे. असं दिसलं तर ते लाल फ्लॅटवर्म, कॉन्व्होल्युट्रिलोबा. छंदात त्यांना सरसकट 'रेड प्लॅनेरिया' म्हणतात, खरं तर प्लॅनेरिया वेगळा. यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, म्हणून यांना उजेड हवा असतो आणि म्हणूनच ते गोमेच्या उलट भर दुपारी, पाणी संथ असेल तिथे, वाळूवर आणि दगडाच्या माथ्यावर पसरतात. जोडीदार लागत नाही. अंगालाच मागच्या बाजूला पिल्लं फुटतात आणि सुटून चालू लागतात, त्यामुळे दहाचे हजार व्हायला फार दिवस लागत नाहीत. ते प्रवाळ खात नाहीत. पण मश्रूमवर थर बसला की त्याचा उजेड अडतो आणि तो आक्रसत जातो, आणि हे ठिपके पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना फस्त करतात.

यांचा खरा जाच वेगळाच आहे. यांच्या अंगात विष असतं आणि ते मरताना बाहेर पडतं. दहा-वीस मेले तर कळतही नाही. हजारो एकदम मेले तर संध्याकाळपर्यंत मासे आडवे. म्हणून "औषध घातलं आणि टँक गेला" अशा कहाण्या ऐकाल. त्यात बहुतेक वेळा दोष औषधाचा नसतो, आधी उपसा न करता औषध घातलं हा असतो.

तर आधी उपसा. एअर पंपाची बारीक नळी असते ना, ती घ्या. एक टोक बादलीत, बादलीच्या तोंडावर दाट विणीची फिल्टरची पिशवी किंवा चौपदरी सुती कापड. दुसऱ्या टोकाने ठिपके एकेक करून ओढायचे. दुपारी दिवे लागून दोन-तीन तास झाले की ते सगळ्यात जास्त बाहेर असतात, ती वेळ धरा. पाणी गाळून परत टँकमध्ये, कापड गरम गोड्या पाण्यात धुवायचं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, पण रोज. मासे नाचत असतील तेव्हा डब्याऐवजी हातात ही नळी घ्या, दोन्ही प्रश्न सुटतील. जिथे ठिपके दाट आहेत त्या कोपऱ्याकडे वेव्हमेकरचं (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपाचं) तोंड फिरवा, त्यांना जोराचा प्रवाह सोसत नाही. फक्त झेनियावर थेट झोत नको.

दोन-तीन आठवड्यांत काचेवर शोधावे लागतील इतके कमी झाले तर औषध घालूच नका, उपसाच चालू ठेवा. माझा कल नेहमी याच बाजूला असतो. संख्या हटतच नसेल तर मग खास फ्लॅटवर्मसाठीचं, प्रवाळ असलेल्या टँकला चालणारं औषध आणा. सॅलिफर्टचं 'फ्लॅटवर्म एक्झिट' हे त्यातलं जुनं नाव. गुरांचं किंवा माणसांचं जंताचं औषध अंदाजाने घालायच्या भानगडीत पडू नका.

मात्रा बाटलीवर लिहिलेली असते ती लिटरमागे, आणि लिटर म्हणजे टँक विकताना सांगितलेले लिटर नव्हेत. लांबी, रुंदी आणि पाण्याची खरी उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा, हजाराने भागा. समजा ९० गुणिले ४५ गुणिले ४०, म्हणजे १६२ लिटर. त्यातून वाळू आणि दगडांची जागा वजा करा. तुमच्याकडे दगड भरपूर असतील तर १३० च्या आसपास राहील. खाली वेगळी टाकी असेल तर तिचं पाणी त्यात मिळवा.

दिवस असा निवडा की तुम्ही सकाळपासून घरी आहात आणि वीज जाणार नाही. आदल्या दिवशी आरओच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून चाळीस लिटर पाणी तयार ठेवा, टँकइतक्याच खारटपणाचं, घनता १.०२५ च्या जवळपास, आणि तेवढ्याच तापमानाचं. ताजा ॲक्टिव्हेटेड कार्बन धुऊन पिशवीत भरून तयार. सकाळी शेवटचा उपसा करा. जुना कार्बन काढा, स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र) बंद करा, हवेचा पंप मात्र चालू ठेवा. औषध घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ठिपके सुटून, वळकटी होऊन तरंगू लागतील. लागलीच नळीने ओढत राहा, हे पाणी मात्र परत टँकमध्ये घालायचं नाही. मेलेला प्रत्येक ठिपका बाहेर म्हणजे तेवढं विष बाहेर. मासे वरच्या थराशी येऊन धापा टाकायला लागले तर घड्याळ न बघता नवा कार्बन टाका आणि तयार पाण्याने बदल करा. तसं काही झालं नाही तरी बाटलीवरची वेळ संपली की कार्बन टाकायचा, चाळीस लिटर बदलायचे आणि स्किमर पुन्हा सुरू करायचा. आठवड्याने दुसरी मात्रा लागते, कारण फटीत दडलेले एक-दोन असतातच.

हे किडे खाणारा मासा आणा असं कोणीतरी सुचवेल. सिक्सलाइन रास काही वेळा खातो, काही वेळा ढुंकूनही बघत नाही, आणि वयात आला की छोट्या टँकमध्ये गुंडगिरी करतो. तुमचे क्लाउन सुखात आहेत, राहू दे. निळ्या मखमली रंगाची एक समुद्री गोगलगाय हेच फ्लॅटवर्म खाऊन जगते, दिसायलाही देखणी. पण ठिपके संपले की ती उपाशी मरते, नाहीतर त्याआधी वेव्हमेकरमध्ये ओढली जाते. जीव विकत आणून मारायचा, याला माझी संमती नाही.

मुलाला फोन कराल तेव्हा शेवटची नवी वस्तू टँकमध्ये कधी आली, कुठून आली, हे जरूर विचारा. ठिपके हवेतून येत नाहीत, कुठल्यातरी दगडावर बसून आले असणार. दिवाळीत तो येईल आणि येतानाच एखादा नवा तुकडा घेऊन येईल, या वयात राहवत नाही. तो थेट आत नको. साध्या प्लास्टिकच्या डब्यात टँकचं पाणी घेऊन प्रवाळांच्या डिपमध्ये, म्हणजे किडे मारायच्या द्रावणात, बाटलीवरच्या वेळेइतका बुडवायचा, हलक्या हाताने पाणी मारायचं, डब्याच्या तळाशी काय गळतंय ते टॉर्चने बघायचं. मग निदान महिनाभर वेगळ्या छोट्या टँकमध्ये. डिपने किडे मरतात, त्यांची अंडी मरत नाहीत, म्हणून आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा.

आणि कोणी मालवणहून किंवा रामेश्वरमकडून "ताजा लाइव्ह रॉक", म्हणजे जीवजंतूंसकट समुद्रातला दगड, आणून देतो म्हणाला तर नको म्हणा. कडक प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्या दगडावर नखाएवढा जरी जिवंत तुकडा असला तरी तो घरात ठेवणं गुन्हा आहे. आता आहेत त्या दगडांचं आणि झेनिया-मश्रूमचं बिल मुलाकडे असेल तर त्याची प्रत मागवून टँकच्या कागदांत लावून ठेवा.

बोटाची खाज तीन दिवसांत गेली नाही तर पुन्हा लिहू नका, डॉक्टरकडे जा. ठिपक्यांचा फोटो मात्र पाठवा, दुपारी काढलेला, काचेला पट्टी लावून, म्हणजे आकार कळेल.